फील्ड पोस्टिंगमध्ये टेबलटॉप रोल-प्लेइंग: फोन नाही, ड्युटी रोज वेगळी, खेळ कसा बसवायचा?

पाली_दरवाजा (प्रश्न)

लष्करी सेवेत असताना डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) किंवा त्याच जातीचा टेबलटॉप रोल-प्लेइंग खेळ, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र चालवायचा कथाखेळ, नियमित चालवायचा आहे. गट सहा जणांचा, पाच खेळाडू आणि एक जीएम (गेम मास्टर, खेळ चालवणारा). चौघे मराठी, दोघे हिंदी बोलणारे. पुढचं पोस्टिंग फील्डमधलं, उंचावरचं, थंडीचं.

फोन आणि लॅपटॉप नाहीच असं धरून चाला. जिथे परवानगी असते तिथेही चार्जिंग आणि नेटवर्कचा भरवसा नसतो. म्हणजे पीडीएफ, फाशांचं अ‍ॅप, ऑनलाइन टेबल सगळं बाद. वेळ मिळणार रात्रीचं जेवण ते लाइट्स आउट, साधारण ५० मिनिटं, आठवड्यातून दोनदा. रविवारी जमलं तर दोन तास. गार्ड, पेट्रोल, रजा, कोर्स यांमुळे सहाही जण एकत्र सापडणं अवघड. ट्रंकेत जागा एका जाड वहीइतकी.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. नियम कुठले घ्यावेत? गटाला डी अँड डीची पाचवी आवृत्ती थोडीफार येते, तीच चालली तर बरं. फासे आणि नकाशाचं काय करायचं? आणि गटात एक हवालदार आहेत, बाकी शिपाई आणि लान्स नायक. टेबलवर हुद्दा आड येतो, सगळे हवालदार साहेबांच्या तोंडाकडे बघत बसतात. त्यावर उपाय काय?

माची_ते_माची

पाचवी आवृत्ती ५० मिनिटांत बसत नाही. हिशोब करून बघा. पाच पात्रं आणि चार गॉब्लिन (छोटे राक्षस), म्हणजे नऊ जण. चकमक तीन फेऱ्या चालली तर २७ पाळ्या. हल्ल्याचा फासा, बेरीज, समोरच्याचं चिलखत, मग इजेचा फासा, असं करत एका पाळीला दीड मिनिट धरा. ४० मिनिटं एका चकमकीत गेली. उरलेल्या दहा मिनिटांत ना कथा पुढे सरकते, ना कुणाला काही ठरवता येतं.

त्याऐवजी 'केर्न' घ्या. योखाइ गाल यांचा २०२० चा खेळ, मोफत आहे आणि क्रिएटिव्ह कॉमन्सखाली आहे, त्यामुळे मराठी-हिंदीत उतरवून छापून वाटायलाही अडचण नाही, फक्त श्रेय द्यायचं आणि तोच परवाना पुढे ठेवायचा. यात 'लागला का?' हा फासाच नाही. हल्ला केला की लागतोच, सरळ इजेचा फासा टाकायचा आणि चिलखत वजा करायचं. वरची चकमक यात दहा-बारा मिनिटांत आटोपते. पात्राला तीन गुण असतात: ताकद, चपळाई, मनोबल. प्रत्येकी तीन सहाबाजू फाशांची बेरीज. हिट पॉइंट एका सहाबाजू फाशाचे, आणि सामानाचे दहा खण. सगळं पात्र पोस्टकार्डावर मावतं. काही धोक्याचं करायचं असेल तर वीसबाजू फासा आपल्या गुणाइतका किंवा त्याखाली पडला पाहिजे, एवढाच नियम.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. यात हिट पॉइंट म्हणजे रक्त नाही, वार चुकवण्याचं बळ. ते संपले की पुढचा मार थेट ताकदीतून वजा होतो आणि दर वेळी ताकदीवर फासा टाकावा लागतो. चुकला तर पात्र जमिनीवर. पाचव्या आवृत्तीची सवय असलेले खेळाडू पहिल्या तासात पात्र गमावतात ते यामुळेच. तिथे समोरासमोर भिडणं परवडतं, इथे नाही.

नियमांहून मोठा प्रश्न हजेरीचा आहे. एका जवानाची वार्षिक रजा ६० दिवसांची. सहा जणांचे झाले ३६०. म्हणजे वर्षभर जवळजवळ रोज कुणी तरी एक घरी असणार, आणि यात नैमित्तिक रजा, कोर्स, गार्ड धरलेलेच नाहीत. 'सगळे जमले की पुढे खेळू' असं ठरवलं की तो खेळ तिथेच संपला. म्हणून खेळ तुटणार हे धरूनच बांधायचा. बेन रॉबिन्स यांची 'वेस्ट मार्चेस' नावाची पद्धत यासाठी अगदी चपखल आहे. पात्रांचं एक सुरक्षित ठाणं असतं. त्या दिवशी जे हजर असतील तेवढ्यांनी बाहेर पडायचं, एक काम करायचं, आणि खेळ संपायच्या आत ठाण्यावर परतायचं. गैरहजर खेळाडूचं पात्र ठाण्यावर विश्रांती घेतंय, बस. त्याची वेगळी कारणं जुळवत बसू नका. तीन खेळाडू आले तरी खेळ होतो, दोन आले तरी होतो.

५० मिनिटांचे भाग असे पाडा: पाच मिनिटं मागचं वाचून दाखवणं, पाच मिनिटं आज कुठे जायचं ते ठरवणं, तीस मिनिटं खेळ, शेवटची दहा परतीला. घड्याळ जीएमच्या समोर, उघडं. चाळिसाव्या मिनिटाला पात्रं ठाण्याबाहेर असतील तर परतीचा फासा: दोन सहाबाजू फासे टाका, बेरीज ८ किंवा जास्त आली तर सुखरूप, कमी आली तर जीएमने आधी लिहून ठेवलेल्या सहा अडचणींपैकी एक (वाट चुकली, एक वस्तू हरवली, कुणी माग काढत आलं, इत्यादी). ८ किंवा जास्त येण्याची शक्यता ३६ पैकी १५, म्हणजे ४२ टक्क्यांच्या आसपास. हे खेळाडूंना आधीच सांगून ठेवा. मग वेळेवर मागे फिरण्याची घाई त्यांनाच होते, जीएमला ओरडावं लागत नाही.

आणि मधेच फॉल-इन (रांगेत हजर व्हायचा हुकूम) झालं तर? जीएमने तीनच ओळी लिहून उठायचं: पात्रं कुठल्या खोलीत, कुणाचे हिट पॉइंट किती, पाळी कुणाची. बाकी सगळं दोन आठवड्यांनीही आठवतं. या तीन गोष्टी आठवत नाहीत आणि भांडणं त्यांवरूनच होतात.

जागा म्हणून परदेशी तळघरं घेण्यापेक्षा राजगडाचा सांगाडा घ्या. पद्मावती, संजीवनी आणि सुवेळा या तीन माच्या, मधे बालेकिल्ला. म्हणजे एका केंद्रातून फुटणारे तीन फाटे, ५० मिनिटांच्या खेळाला याहून चांगला नकाशा मिळणार नाही. पद्मावती माचीवर ठाणं ठेवा, तिथे तळं आहे, देऊळ आहे, चोरदरवाजा आहे. संजीवनीची दुहेरी तटबंदी, मधून जेमतेम माणूस जाईल अशी वाट. तिथे एका वेळी एकच पात्र पुढे राहू शकतं, त्यामुळे कुणी पुढे व्हायचं हा निर्णय खरा होतो. सुवेळेवरचं नेढं म्हणजे आरपार दिसणारी खिडकी: वारा, दोर आणि टेहळणी तिन्ही तिथे कामाला येतात. नावं बदला, काळ बदला, भुतं घाला. पण चढ, उतार आणि दरवाजे तसेच ठेवा. मराठी मुलांना माची आणि बालेकिल्ला म्हटलं की चित्र समोर उभं राहतं, वर्णनाची पाच मिनिटं वाचतात.

सहाकोनी

फासे आणि सामानाचं मी सांगतो.

सात फाशांचा नेहमीचा संच मुठीत मावतो, तो न्याच. पण उघडा टाकू नका. लाकडी फळ्यांच्या फटीत किंवा बर्फात गेलेला फासा परत मिळत नाही, आणि लोखंडी ट्रंकेच्या झाकणावर रात्री तो इतका वाजतो की शेजारचा उठतो. औषधाच्या गोळ्यांची पारदर्शक, सपाट तळाची डबी घ्या, एका डबीत एकच फासा, झाकण चिकटपट्टीने बंद. हलवा, खाली ठेवा, वरून वाचा. वीसबाजू आणि सहाबाजू या दोन डब्या जवळपास सगळा खेळ निभावतात. हातमोज्यांनीही हलवता येतात, सुटा वीसबाजू फासा हातमोज्यात धरता येत नाही.

फासे हरवले किंवा आलेच नाहीत तर षटकोनी पेन्सिल. सहा बाजूंवर पेनने १ ते ६ ठिपके काढा आणि घरंगळवा. समोरासमोरच्या बाजू समांतर असल्याने एक बाजू नेमकी वर येते. चाकूने खाचा पाडू नका, खोल खाच पडली की पेन्सिल त्या बाजूला झुकायला लागते. गोल पेन्सिल अर्थातच चालत नाही. घोंगडीवर घरंगळवली तर मधेच अडते, वहीच्या पुठ्ठ्यावर घरंगळवा.

वीसबाजू फाशाला पत्त्यांचा पर्याय आहे. गुलाम, राणी, राजा काढून टाका, ४० पानं उरतात. एक्का म्हणजे १. लाल पान आहे तसं वाचा, काळ्यात १० मिळवा. लाल सत्ती ७, काळी सत्ती १७. प्रत्येक आकड्याची बरोबर दोन पानं येतात, म्हणून शक्यता समान. चारबाजू हवा तर चार रंग: इस्पिक, बदाम, चौकट, किलवर. आठबाजूला एक्का ते अठ्ठी, बाराबाजूला एक्का ते राणी. अट एकच, ओढलेलं पान दर वेळी परत टाकून पिसायचं. ते बाजूला ठेवलं तर एकदा २० आल्यावर लगेच पुन्हा २० येण्याची शक्यता २० पैकी १ न राहता ३९ पैकी १ होते, आणि हुशार खेळाडू पानं मोजायला लागतो.

पुस्तक उघडून पान क्रमांकाचा शेवटचा आकडा घेण्याची युक्ती बरेच जण सांगतात. ती चुकीची आहे. छापील पुस्तकात उजवं पान नेहमी विषम असतं, त्यामुळे १, ३, ५, ७, ९ एवढेच आकडे मिळतात. चिठ्ठ्यांचाही घोळ होतो, घडीची जाडी बोटाला कळते. त्याऐवजी सदऱ्याची एकसारखी २० बटणं, मागे आकडा, आणि एक मग.

कागद: ए-४ चे सहा ताव पाठपोट छापून मधे घडी घातली की २४ पानी छोटी वही होते. त्यात नियम, राक्षसांचे आकडे आणि तक्ते बसवा. पात्रांची पत्रकं जाड कार्डावर, पेन्सिलीने. थंडीत बॉलपेनची शाई आधी तुटक येते, मग येतच नाही. पेन्सिल २-बी घ्या, एच-बी थंड कडक कागदावर पुसट उमटते. लॅमिनेट करायचं तर फक्त नकाशा करा आणि त्यावर चायनाग्राफ चालवा, म्हणजे टाल्कवर (नकाशावर घालायच्या पारदर्शक शीटवर) वापरतो तीच मेणाची पेन्सिल. कापडाने पुसली जाते. पण ती स्वतःची विकत घ्या, स्टोअरमधली खेळाला वापरू नका. लॅमिनेट केलेला नकाशा बुखारीजवळ (खोली तापवायच्या शेगडीजवळ) ठेवला तर वळतो आणि मग कधीच सपाट होत नाही.

सोंगट्यांसाठी फ्रिजवर लावतात ती छोटी गोल चुंबकं. काळ्या लोखंडी ट्रंकेचं झाकण हाच तुमचा पट. वर चौकटींचा कागद, कागदावर चुंबक. हलत नाहीत, सांडत नाहीत, आणि मधेच उठावं लागलं तर झाकण उघडून कागद आतल्या बाजूला तसाच चिकटवून ठेवता येतो. फक्त ही चुंबकं होकायंत्राच्या आसपास कधीच ठेवायची नाहीत, त्याच पाऊचमध्ये तर मुळीच नाही.

सामान घरून मागवायचं असेल तर खाजगी कुरिअरच्या भानगडीत पडू नका. ५६ एपीओ किंवा ९९ एपीओचा (आर्मी पोस्ट ऑफिसचा) पत्ता टपाल खात्यामार्फतच पोचतो. पार्सल करणाऱ्याला सांगा की ठिकाणाचं नाव पत्त्यात घालायचं नाही: सर्व्हिस नंबर, हुद्दा, नाव, युनिट, मार्फत एपीओ, एवढंच.

पाली_दरवाजा

ट्रंकेच्या झाकणाची कल्पना फार आवडली, आणि राजगडही नक्की. आता दोन शंका. एक, फासे आणि पत्ते दिसले की जुगार चाललाय असं वाटणार नाही का? दोन, हुद्द्याचा प्रश्न अजून राहिलाच आहे.

लाइन_नंबर_तीन

वाटणारच, म्हणून आधी सांगून टाका. आधी सीनिअर जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर) साहेब, त्यांच्यामार्फत कंपनी कमांडर. तोंडी वर्णन करू नका, 'रोल-प्लेइंग' शब्दाने काहीच कळत नाही. वही, फासे आणि एक पात्र समोर ठेवा आणि चार गोष्टी सांगा: पैसा नाही, जागा उघडी (रिक्रिएशन रूम, जिथे कॅरम आणि बुद्धिबळ असतं), लाइट्स आउटच्या आत बंद, आणि कुणीही येऊन बसून बघू शकतं. सामानही तिथेच ठेवता आलं तर उत्तम. लपवून खेळलेला सरळ खेळही वाकडा दिसतो.

एक बारीक गोष्ट, जी नेहमी राहून जाते. खजिन्याचा हिशोब. वहीत 'रमेश ५०, सुनील १२०, जाधव देणे ३०' असं लिहिलेलं कुणी पाहिलं तर तो उधारीचा कागद आहे, दुसरं काही नाही. हिशोबात खेळाडूचं नाव कधीच लिहू नका, पात्राचं लिहा, आणि आकड्यापुढे 'होन' किंवा 'मोहरा' लिहा. रुपये तर नाहीच.

दुसरं, कागदांची सुरक्षितता, आणि यात ढिलाई चालत नाही. हाताने काढलेला नकाशा, त्यावर चौक्या, बाण आणि 'शत्रू ६' असं असेल तर तपासणीत तो कागद काय आहे हे सिद्ध करणं तुमच्यावर येतं. पहिल्या पानावर आणि प्रत्येक नकाशावर 'काल्पनिक खेळ' असं मोठ्या अक्षरात लिहा. खऱ्या भागातलं गाव, नाला, शिखर, रस्ता यांतलं एकही नाव नको. ग्रिड नको. लष्करी चिन्हंही नकोत. चौकोनात फुली मारली की ती इन्फन्ट्री होते, तिथे घर किंवा झाड काढा. पात्रांची पथकं खऱ्या युनिटच्या नावाने किंवा नंबराने बोलावू नका. पट आणि मित्रांचा फोटो काढून टाकण्याचा मोह जिथे फोन आहे तिथे होतो. मागच्या भिंतीवर काय लावलंय ते कुणाच्या लक्षात येत नाही. २०२० च्या जुलैमध्ये ८९ अ‍ॅप काढून टाकायचा आदेश आला होता. कागदी खेळाला असल्या याद्या लागू होत नाहीत हे खरं, पण कागदाची जबाबदारी संपूर्ण आपली असते.

आता हुद्दा. टेबलवर हुद्दा विसरा, असं सांगून काही होत नाही, आणि व्हायलाही नको. सकाळी परत त्याच साहेबांच्या हाताखाली उभं राहायचं असतं. संबोधन आहे तेच राहू द्या. खेळात मात्र पात्राच्या नावाने हाक. बदलायची ती निर्णयाची पद्धत.

प्रत्येकाने आपली कृती चिठ्ठीवर लिहून पालथी ठेवायची आणि सगळ्यांनी एकदम उलटायची. 'दोर धरतो', 'मशाल विझवतो', दोन-तीन शब्द पुरे. यात अर्धं मिनिट जातं आणि हवालदार साहेब काय म्हणतात त्याची वाट बघणं बंद होतं. सगळ्यांनी मिळून ठरवायच्या गोष्टींसाठी जुन्या डी अँड डीतली 'कॉलर' ही भूमिका परत आणा: गटाच्या वतीने जीएमला एकच जण सांगतो. हे काम दर खेपेला फिरतं ठेवा आणि सुरुवात सगळ्यात ज्युनिअर माणसापासून करा. हवालदार साहेबांना नकाशा काढायचं काम द्या. नकाशा काढणाऱ्याला सतत ऐकावं लागतं, आणि त्यांची नजर तिथे खरोखर उपयोगी पडते.

फौजी गटाची आणखी एक सवय आवरावी लागते. प्लॅनिंग. दार दिसलं की कोण डावीकडून, कोण कव्हर देणार, माघारीची वाट कुठली, वीस मिनिटं सहज जातात. तीन मिनिटांची मर्यादा ठेवा. ती ओलांडली की जीएमने भटक्या राक्षसाचा फासा टाकायचा. उलट बाजूने, जीएमनेही तयारी ठेवायला हवी. हे खेळाडू 'आडोसा कुठे आहे' आणि 'तिथून इथलं दिसतं का' हे विचारणारच. शब्दांत अडकू नका. सँड मॉडेलची सवय सगळ्यांना आहे, परातीत माती घ्या आणि टेकाड उभं करा. दोन मिनिटांत वाद मिटतो.

आणि विषय. खरा शत्रू, खरी सीमा, सुरुंग, पकडलेल्या माणसाची चौकशी, साथीदाराचा मृत्यू, हे खेळात येणार की नाही ते पहिल्या चकमकीआधी ठरवा. जॉन स्टाव्रोपोलोस यांचं एक्स-कार्ड प्रसिद्ध आहे: टेबलवर फुलीचं कार्ड, कुणीही हात लावला की प्रसंग बदलायचा, कारण विचारायचं नाही. पण सीनिअरसमोर ज्युनिअर त्या कार्डाला हात लावेल अशी अपेक्षा ठेवू नका. निनावी चिठ्ठ्याही पुरत नाहीत, सहा जणांत अक्षर ओळखू येतं. जीएमने दहा विषय लिहून सहा सारख्या प्रती कराव्यात, प्रत्येकाने नको त्यावर पेन्सिलीने फक्त टिंब द्यावं, घडी घालून मगमध्ये. एक जरी टिंब पडलं तरी तो विषय बाद, चर्चा नाही. दर दोन महिन्यांनी पुन्हा करा, कारण मधल्या काळात काय घडलं असेल ते सांगता येत नाही. एखाद्या दिवशी युनिटमध्ये वाईट बातमी असेल तर त्या रात्री खेळच नको.

खारं_पाणी

जहाजावरच्यांसाठी दोन ओळी, कारण हा धागा नौदलातलेही वाचतील. गट मेसवरून जमवू नका, वॉचवरून (ड्युटीच्या पाळीवरून) जमवा. शेजारच्या बंकवरचा माणूस तुमच्या उलट्या वॉचला असेल तर महिनोन्‌महिने वेळ जुळत नाही. एकाच वॉचचे चार जण असतील तर मोकळा वेळ आपोआप एक. जहाज हलत असताना उभ्या सोंगट्या आणि सुटे फासे दोन्ही निरुपयोगी, वर सांगितलेली डबी आणि चुंबकं हाच उपाय. डिसेंबर २०१९ पासून नौदलात जहाजांवर आणि तळांवर स्मार्टफोन बंद केले गेले, त्यामुळे छापील वहीला पर्याय नाहीच. आणि शेवटच्या प्रसंगाच्या नोंदीची एक नक्कल दुसऱ्या खेळाडूकडे ठेवा, ओलसर हवेत एक वही दगा देते.

खडू_आणि_फळा

कंपनी कमांडरांना सांगताना हे उपयोगी पडेल. हा प्रकार मुळात फौजेतूनच आला आहे. प्रशियाचा लेफ्टनंट राइसविट्झ याने १८२४ मध्ये वडिलांचा युद्धखेळ सुधारून जनरल स्टाफपुढे मांडला: १:८००० चा नकाशा, दोन मिनिटांची एक पाळी, आणि मधे निर्णय देणारा पंच. खेळाडूने लेखी आदेश द्यायचा आणि परिणाम पंचाने सांगायचा, म्हणजे आजचा जीएमच. पुढे तक्ते इतके वाढले की खेळ रेंगाळायला लागला. १८७६ मध्ये प्रशियाचाच अधिकारी व्हेर्दी द्यु व्हेर्नुआ याने तक्ते बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या निर्णयावर खेळ चालवावा असं सुचवलं. तुमच्या ५० मिनिटांच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. नियम आठवत नसेल तर वही चाळू नका. जीएमने शक्यता बोलून दाखवावी ('सहापैकी दोन'), फासा टाकावा, पुढे जावं. नियम रविवारी तपासा.

साखळी पुढेही तशीच जाते. मिनेसोटातल्या युद्धखेळ मंडळींमध्ये डेव्हिड वेस्ली यांनी १९६९ मध्ये 'ब्राउनश्टाइन' चालवला, त्यात प्रत्येक खेळाडूला सैन्याऐवजी एक माणूस दिला. वेस्ली अमेरिकी लष्कराच्या राखीव दलात अधिकारी होते, १९७० मध्ये त्यांना सेवेत बोलावलं गेलं. मागे राहिलेल्यांपैकी डेव्ह अर्नेसन यांनी ती कल्पना पुढे नेली, आणि १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स यांच्यासोबत डी अँड डी आलं. 'ट्रॅव्हलर' (१९७७) करणारे मार्क मिलर हे अमेरिकी लष्करातले कॅप्टन. त्या खेळात पात्र नौदल, मरीन, लष्कर अशा कुठल्या तरी सेवेत वर्षं काढूनच बाहेर पडतं, आणि सगळा खेळ दोन सहाबाजू फाशांवर, ८ किंवा वर आलं की जमलं. फासे कमी असतील तर त्याचाही विचार करा.

सहाकोनी

माझ्या वरच्या उत्तरात एक दुरुस्ती. पत्त्यांची लाल-काळी युक्ती लाल टॉर्चखाली चालत नाही. लाल प्रकाशात लाल शाई पांढऱ्या कागदात विरघळून जाते, बदाम आणि चौकट जवळजवळ कोरी दिसतात. लाल पानांच्या दोन्ही कोपऱ्यांवर आकड्याला काळ्या पेनने गिरवा आणि वाचताना रंगावर न जाता चिन्हाच्या आकारावर जा. तेच पात्रपत्रकाचं, लाल पेनने लिहिलेले हिट पॉइंट लाल टॉर्चमध्ये वाचता येणार नाहीत. फासे विकत घेतानाही पांढऱ्यावर काळे आकडे बघून घ्या. दिसायला सुंदर असलेले चमकीचे पारदर्शक फासे अंधारात वाचता येत नाहीत.

पाली_दरवाजा

शेवटचं एक. वरच्या ३६० दिवसांच्या हिशोबात जीएमची रजाही आलीच. दोन महिने जीएमच नसेल तर?

माची_ते_माची

दुसरा जीएम आत्ताच तयार करा, पण त्याला तुमचा नकाशा देऊ नका. राजगडाच्या तीन माच्या आहेत, एक माची पूर्ण त्याची. तिथे काय दडलंय ते तुम्हालाही माहीत नको, म्हणजे तो चालवताना तुमचं पात्रही खेळू शकतं. दोघांत सामायिक फक्त तीन गोष्टी: ठाण्यातल्या माणसांची नावं, कॅलेंडरवर खेळातला दिवस कुठला, आणि पात्रांची पत्रकं. ही एका जाड कार्डावर लिहून ट्रंकेच्या झाकणाला आतून लावा.

दोघेही नसतील तर 'आयर्नस्वॉर्न'. मोफत आहे, जीएम लागत नाही, दोन-तीन जण मिळून किंवा एकटाही खेळू शकतो. एक सहाबाजू फासा अधिक गुण, समोर दोन दहाबाजू. दोन्हींपेक्षा जास्त आलं तर काम फत्ते, एकापेक्षाच जास्त आलं तर किंमत मोजून, एकाहीपेक्षा नाही तर उलटलं. दहाबाजू नसतील तर पत्त्यांची एक्का ते दश्शी. नऊ तासांच्या गाडीच्या प्रवासात मांडीवर वही ठेवूनही खेळता येतो.

रजेवर गेलेल्या जीएमने पत्राने खेळ चालवायचा विचार असेल तर एका पत्रात एकच प्रसंग आणि 'जर-तर'ची उत्तरं मागवा: 'दार उघडं असेल तर आत जातो, बंद असेल तर मागच्या बाजूने फिरतो.' नाही तर एका दरवाजासाठी महिना जातो. पण पत्रात 'बी-७ वरून उत्तरेला ३' असलं काही लिहू नका, ते सांकेतिक भाषेसारखं दिसतं. पूर्ण वाक्यात लिहा: 'देवळाच्या मागच्या पायऱ्यांनी तळ्याकडे उतरतो.'